सायकल विमानातून न्यायची म्हणजे काय करायचं? खोक्यापासून नुकसानभरपाईपर्यंत सगळं समजून घ्या

जानेवारी २०२६ मध्ये पुण्यात सायकल रेस झाली आणि अख्ख्या शहराने ती बघितली. १९ ते २३ जानेवारी, ४३७ किलोमीटरची 'पुणे ग्रँड टूर'. यूसीआय या जागतिक सायकलिंग संघटनेच्या २.२ दर्जाची पुरुषांची रोड रेस भारतात पहिल्यांदाच होत होती. रस्ते बंद का, खड्डे एका रात्रीत कसे बुजले, परदेशी रायडर किती वेगाने गेले यावर रील्सचा पाऊस पडला.

एका प्रश्नावर मात्र फारसं कुणी बोललं नाही. परदेशातून आलेल्या या रायडरच्या सायकली भारतात आल्या कशा?

उत्तर साधं आहे. विमानाने, खोक्यात, सुट्या करून. पुण्याचा एखादा मुलगा राष्ट्रीय स्पर्धेला निघतो किंवा एखाद्या काकू युरोपात सायकल टूरला जातात, तेव्हा त्यांनाही हेच करावं लागतं. फरक एवढाच की मोठ्या संघांबरोबर मेकॅनिक असतो. पुण्यातला रायडर आदल्या रात्री हॉलमध्ये बसून, यूट्यूब लावून, ॲलन की फिरवत असतो.

यात किती काही पणाला लागलेलं असतं, हे बघायला वेदांगी कुलकर्णी आठवावी. पुण्याची ही मुलगी २०१८ मध्ये सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाली, तेव्हा विशीतही नव्हती. ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून सुरुवात, १४ देश, सुमारे २९,००० किलोमीटर आणि १५९ दिवस. कॅनडात अस्वल मागे लागलं, स्पेनमध्ये चाकू दाखवून लुटलं गेलं, या गोष्टी बातम्यांत आल्या. पण ऑस्ट्रेलियातून न्यूझीलंड, तिथून कॅनडा, मग आइसलँड, मग युरोप आणि रशियातून भारत हे टप्पे सायकलने होत नाहीत. प्रत्येक वेळी सायकल खोलायची, खोक्यात भरायची, विमानात चढवायची, उतरल्यावर पुन्हा जोडायची. डिसेंबरमध्ये कोलकात्यात पोहोचल्यावरही शेवटचे काही किलोमीटर पूर्ण करायला तिला पर्थलाच परत उडावं लागणार होतं. आणि अशा विक्रमात विमानतळावर गेलेला वेळही घड्याळात मोजला जातो. वाकलेला एक डिरेलर म्हणजे गेलेला दिवस.

आधी आकडेमोड करा

देशांतर्गत विमानात साध्या तिकिटावर साधारण १५ किलो चेक-इन सामान मिळतं. बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची मिळून १५८ सेंटीमीटर, हे बहुतेक कंपन्यांचं माप. आता सायकलच्या दुकानात मिळणारा पुठ्ठ्याचा खोका बघा. अंदाजे १४० बाय ७५ बाय २० सेंटीमीटर. बेरीज २३५. म्हणजे वजन कितीही कमी असलं तरी मापात सायकल बसतच नाही. ती 'मोठ्या आकाराचं सामान' किंवा 'क्रीडा साहित्य' ठरते.

वजनाचं गणित त्याहून मजेशीर आहे. यूसीआयच्या नियमाने रेसिंग सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालत नाही, त्यामुळे चांगली रोड बाइक ७ ते ९ किलोंत येते. पुठ्ठ्याचा खोका आणि आतलं पॅकिंग धरून ३-४ किलो. एकूण १३ किलो, म्हणजे मर्यादेत. पण तीच सायकल चाकं लावलेल्या कडक प्लास्टिकच्या केसमध्ये घातली, तर केसचंच वजन १०-१२ किलो होतं आणि काटा २० च्या पुढे जातो. म्हणजे जास्त सुरक्षित पेटी घेतली की जादा वजनाचे पैसे आलेच. पुठ्ठा स्वस्त आणि हलका, पण पावसात भिजला की संपला. जुलैमध्ये जाणाऱ्यांनी खोक्यावर प्लास्टिक गुंडाळल्याशिवाय घराबाहेर पडू नये.

सायकल कार्गोने पाठवू, असंही काही जणांना वाटतं. तिथे आकारमानाचं वजन लागतं. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले ६,०००. वरच्याच खोक्याचं हे वजन येतं ३५ किलो. सायकल ९ किलोची आणि बिल ३५ किलोचं.

यातून सुटतात ते घडीची सायकल असलेले. १६ इंची चाकांच्या काही सायकली घडी घातल्यावर १५८ सेंटीमीटरच्या आत बसतात.

प्रत्येक विमान कंपनीचे दर वेगळे का?

कारण सरकारने तशी मोकळीक दिली आहे. डीजीसीएने तिकिटापासून काही सेवा वेगळ्या करून त्यांचे स्वतंत्र पैसे घ्यायची परवानगी विमान कंपन्यांना दिली आहे. त्या यादीत आवडीची सीट आहे, जेवण आहे, चेक-इन सामान आहे, आणि क्रीडा साहित्य आणि वाद्यंही आहेत. त्यामुळे कोणी सायकल वजनात धरतं, कोणी वर ठरावीक शुल्क लावतं, कोणी आधी कळवायला सांगतं. हे दर बदलत राहतात. एखाद्या ग्रुपवर दोन वर्षांपूर्वी कुणीतरी टाकलेला स्क्रीनशॉट काउंटरवर चालत नाही. तिकीट काढायच्या आधी कंपनीच्या साइटवरचा क्रीडा साहित्याचा नियम वाचा, सायकलचं बुकिंग आधीच करा आणि त्याचा ईमेल जवळ ठेवा. चॅटवर मिळालेलं 'हो सर, होऊन जाईल' पुरेसं नाही.

विमान कोणतं आहे हेही बघा. छोट्या शहरांना जाणाऱ्या एटीआरसारख्या विमानांत सामानाची जागा कमी असते, खोका मागच्या विमानाने येण्याची शक्यता वाढते. रेस दुसऱ्या दिवशी सकाळी असेल तर हे परवडत नाही.

पुणेकरांची वेगळी अडचण

लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा. तिथून थेट परदेशी उड्डाणं मोजकीच आहेत. त्यामुळे युरोप-अमेरिकेला जाणारे मुंबई किंवा दिल्लीमार्गे जातात. पुणे-दिल्ली आणि दिल्ली-पॅरिस अशी दोन वेगवेगळी तिकिटं काढली, तर पहिल्या टप्प्याला १५ किलोचा देशांतर्गत नियम लागतो आणि सायकलचे पैसे दोनदा द्यावे लागू शकतात. एकाच तिकिटावर सगळा प्रवास असेल तर सामान सहसा एकाच नियमाने शेवटपर्यंत जातं. म्हणूनच बरेच सायकलपटू खोका गाडीत टाकून एक्सप्रेसवेने सरळ मुंबई गाठतात. एक टप्पा कमी, म्हणजे एक आदळआपट कमी.

लोहगावला पोहोचणं हेसुद्धा कामच आहे. सव्वा-दीड मीटरचा खोका रिक्षात मावत नाही, छोट्या कॅबच्या डिकीत जात नाही. मेट्रो रामवाडीला संपते. मागची सीट आडवी होणारी गाडी किंवा टपावर कॅरियर असलेली कॅब आदल्या दिवशीच ठरवलेली बरी. विमानतळावर नेहमीपेक्षा तासभर आधी पोहोचा, कारण एवढा खोका नेहमीच्या पट्ट्यावरून जात नाही. तपासणी वेगळी होते आणि कधी खोका उघडायला लावतात. चिकटपट्टीचा एक जादा रोल हातातल्या बॅगेत असू द्या.

पॅकिंग करताना

आधी सीटपोस्टवर टेप लावून उंचीची खूण करा, मगच ती काढा. मग पेडल. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे विसरून जोर लावणारे दर हंगामात भेटतात. हँडल काढून टॉपट्यूबला बांधायचं. दोन्ही चाकं काढली की मागच्या ड्रॉपआउटमध्ये आणि पुढच्या फोर्कमध्ये प्लास्टिकचे स्पेसर अडकवायचे. दुकानदार नव्या सायकलींबरोबर आलेले हे तुकडे फेकून देतात, मागितले तर देतात, खोकाही तिथेच मिळतो. डिस्क ब्रेक असतील तर पॅडमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा घाला, नाहीतर चुकून लिव्हर दाबला गेला की पिस्टन चिकटून बसतात. रोटर काढून वेगळे गुंडाळा.

सगळ्यात जपायचा तो मागचा डिरेलर. खोका आडवा आपटला की तो किंवा त्याला धरणारा छोटा हँगर वाकतो. डिरेलर सोडवून आत, फ्रेमच्या दोन नळ्यांमध्ये बांधा. एक जादा हँगर सोबत ठेवा, कारण प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो आणि परक्या गावात मिळेलच असं नाही. फ्रेमसाठी महागडं कव्हर लागत नाही. एसीच्या पाइपवर चढवतात तो फोम हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळतो.

टायरमधली हवा काढायची का? बहुतेक कंपन्या काढायला सांगतात, त्यामुळे कमी करा. पण विमानात टायर फुटतो ही समजूत मात्र चुकीची आहे. सामानाच्या कप्प्यातही केबिनइतकाच हवेचा दाब ठेवलेला असतो. जमिनीच्या तुलनेत फरक पडतो तीन-चार पीएसआयचा. ८० पीएसआयचा टायर फार तर ८४ चा होईल. उलट हवा पूर्ण काढली तर रिमला आधार राहत नाही. थोडी ठेवा.

काही वस्तूंबाबत मात्र सूट नाही. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच हव्यात. गॅसचे छोटे सीओटू सिलिंडर कंपनीच्या परवानगीशिवाय नेता येत नाहीत. हातपंप न्या आणि विषय मिटवा. टूल किट मात्र खोक्यात टाका, सुरक्षा तपासणीत अडकेल. ई-सायकलचा प्रश्नच येत नाही. प्रवासी विमानात १६० वॉट-अवरपेक्षा मोठी बॅटरी चालत नाही आणि ई-सायकलची बॅटरी सहसा ३०० च्या पुढे असते.

आणि सायकल मोडली तर?

इथे खरी गोम आहे. देशांतर्गत प्रवासात सामान हरवलं किंवा मोडलं तर विमान कंपनीची जबाबदारी एका प्रवाशामागे जास्तीत जास्त २०,००० रुपये. आज कार्बन फ्रेमची बरी सायकल दीड-दोन लाखांना येते. नुसतं एक चांगलं चाक २०,००० च्या वर जातं. आंतरराष्ट्रीय प्रवासाला माँट्रियल करार लागू होतो. तिथली मर्यादा डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर, म्हणजे सुमारे पावणेदोन लाख रुपये आहे. त्याच कप्प्यात, तोच खोका. पुणे-चेन्नईला मोडला तर एक भाव, मुंबई-पॅरिसला मोडला तर जवळपास नऊपट.

ही मर्यादा वाढवायची एक सोय कायद्यात आहे. सामान देताना त्याची किंमत जाहीर करून वर शुल्क भरायचं. डीजीसीएच्या त्याच यादीत हे शुल्कही आहे. प्रवासी सहसा ते मागत नाहीत, कारण असं काही असतं हेच माहीत नसतं. उलट चेक-इनला 'नाजूक सामान' म्हणून एक टॅग पुढे येतो आणि घाईत सही होते. त्या सहीचा अर्थ अनेकदा 'मोडलं तर कंपनी जबाबदार नाही' असा असतो. सही करण्याआधी वाचा, आणि पॅकिंग करताना प्रत्येक टप्प्याचे फोटो काढून ठेवा.

उतरल्यावर खोका पट्ट्याजवळच उघडून बघा. काही मोडलं असेल तर विमानतळ सोडायच्या आधी कंपनीच्या काउंटरवर नुकसानीचा अहवाल लिहून घ्या. आंतरराष्ट्रीय प्रवासात लेखी तक्रारीची मुदत नुकसानीसाठी ७ दिवस आणि उशिरा मिळालेल्या सामानासाठी २१ दिवस आहे. कंपनीने दाद दिली नाही तर सरकारचं एअरसेवा पोर्टल आहे, त्यापुढे ग्राहक आयोग.

महागडी सायकल परदेशी नेत असाल तर जाताना विमानतळावरच्या कस्टम्सकडून तिचं निर्यात प्रमाणपत्र करून घ्या. फ्रेमच्या तळाशी, बॉटम ब्रॅकेटजवळ कोरलेला नंबर त्यावर लागतो. तो नंबर खोका बंद करायच्या आधी टिपून ठेवा, नाहीतर काउंटरसमोर सगळं पुन्हा खोलावं लागेल.