सुट्टीतला अभ्यास आणि शुक्रवारची टाईमशीट

लेबर डेचा लाँग वीकेंड, म्हणून न्यू जर्सीला ताईकडे (मावसबहीण) गेलो होतो. खायचं, प्यायचं आणि झोपा काढायच्या, एवढाच प्लॅन. पण भाचा काही खोलीबाहेर येईना. इथे हायस्कूल नववीपासून सुरू होतं आणि साहेब यंदा नववीत. शाळा मंगळवारी, आणि इंग्रजीचा 'समर रीडिंग'चा अभ्यास रविवार दुपारपर्यंत कोरा!

अभ्यास काय, तर विल्यम गोल्डिंगचं 'लॉर्ड ऑफ द फ्लाईज' वाचा, वीस उतारे निवडा आणि 'डायलेक्टिकल जर्नल' लिहा. नाव भारदस्त आहे, घाबरू नका. पानाच्या मधोमध रेघ मारायची. डावीकडे पुस्तकातलं वाक्य, उजवीकडे आपली प्रतिक्रिया, किमान पाच ओळी. वर पाच परिच्छेदांचा निबंध.

"अरे, वाचून झालं का तरी?" मी विचारलं.

"मामा, वाचायची गरजच नाहीये. दोनशे पानं, वीस कोट्स. दर दहा पानांना एक. सिंपल."

च्यायला! पोरानं अल्गोरिदम लिहिला होता. आधी हसू आलं, मग डोक्यात तिडीक गेली. पोरावर नाही, त्या अभ्यासावर. हाच पोरगा दोन वर्षांपूर्वी पांघरुणात टॉर्च लावून 'पर्सी जॅक्सन' वाचायचा आणि ताई झोप म्हणून ओरडायची. आता म्हणतो, "आय डोन्ट रीड."

तुम्ही म्हणाल, आपण तरी काय दिवे लावले होते? खरंय. आम्हाला मे महिन्यात रोज एक पान शुद्धलेखन असायचं. मी ते सगळं जूनमध्ये दोन दिवसांत, दोन वेगवेगळ्या पेनांनी, खोट्या तारखा टाकून लिहायचो. पण त्याच सुट्टीत वाचनालयातून आणलेला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मी दिवसाला एक या वेगाने संपवत होतो. त्यावर मला कुणी प्रश्न विचारला नाही, म्हणून तो माझा राहिला. शुद्धलेखनाने निदान माझ्या पुस्तकांना हात लावला नव्हता. हे जर्नल थेट पुस्तकातच घुसतं.

आपण शुक्रवारी संध्याकाळी टाईमशीट भरतो ना? आठ, आठ, आठ, आठ, आठ. त्यातून कुणी कोड शिकलंय? ती कामासाठी नसतेच, मॅनेजरच्या समाधानासाठी असते. डायलेक्टिकल जर्नल म्हणजे वाचनाची टाईमशीट. वाचल्याचा पुरावा गोळा करायच्या नादात वाचणंच राहून जातं.

दुसरी बाजूही मांडतो. लांबलचक सुट्टीत मुलं वाचन विसरतात, आणि ज्यांच्या घरी पुस्तकं नाहीत त्यांचं नुकसान सगळ्यात जास्त होतं, ही शिक्षकांची काळजी खोटी नाही. पण त्यावर उपाय काय? रिचर्ड अ‍ॅलिंग्टन आणि अ‍ॅन मॅकगिल-फ्रँझन यांनी फ्लोरिडातल्या गरीब वस्त्यांमधल्या मुलांना सलग तीन उन्हाळे दर वेळी बारा पुस्तकं दिली. मुलांनी स्वतः निवडलेली! २०१० साली निष्कर्ष छापून आले. ज्यांना पुस्तकं मिळाली नव्हती त्यांच्यापेक्षा ही मुलं वाचनात पुढे होती. मान्य, ती प्राथमिक शाळेतली होती. पण चौदा वर्षांच्या मुलाला स्वतःची आवड सातवर्षाच्या मुलापेक्षा कमी असते का?

आणि पुरावा तरी कसला? १९५८ साली क्लिफ्सनोट्सची गाईडं निघाली, १९९९ मध्ये स्पार्कनोट्स आलं, २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी. आता वीस 'वैयक्तिक प्रतिक्रिया' चहा गाळून होईपर्यंत तयार. यावर शाळा काय करणार, तर नक्कल पकडणारं आणखी एक सॉफ्टवेअर घेणार. अहो, रिक्वायरमेंटच चुकली असेल तर टेस्ट केसेस वाढवून काय उपयोग?

माझ्या मते उपाय अगदी साधा आहे. पुस्तक मुलाला निवडू द्या. कॉमिक्स चालेल, क्रिकेटवरचं चालेल. सुट्टीत एक ओळसुद्धा लिहायला लावू नका. शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात वर्गातच तासभर कागद-पेन द्या आणि एवढंच विचारा: पुस्तक कुठे सोडून द्यावंसं वाटलं आणि का? ज्यानं वाचलं नाही तो तासाभरात कळेल, आणि ज्यानं वाचलंय त्याला शेवटी बोलायला मिळेल. वर्गाने मिळून वाचायचं पुस्तक? ते वर्गात वाचा की. शिक्षक त्यासाठीच असतात.

असो. सोमवारी मला स्टेशनवर सोडायला ताई निघाली, भाचा मागच्या सीटवर. जर्नल रात्रीच सबमिट झालं होतं, वीसच्या वीस. अर्ध्या रस्त्यात तो एकदम म्हणाला, "मामा, तू वाचलंयस ना? ती मुलं शेवटी बेटावरून सुटतात का?"

मी म्हटलं, "वाच की, पुस्तक घरात आहे."

"आता कशाला? सबमिट झालं ना."

मोठं माणूस नसलेलं बेट, त्यावर अडकलेली शाळकरी पोरं. शेवट काय होतो हे त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. हा प्रश्न त्याला जूनमध्ये पडला असता तर? पण त्या जर्नलमध्ये प्रश्नाला रकानाच नव्हता.