उत्सव बाटलीचा की बागेचा?

किल्लारी हे नाव उच्चारताच उर्वरित महाराष्ट्राच्या मनात 30 सप्टेंबर 1993 ची भूकंपाची पहाट उभी राहते, आणि गणपती विसर्जन आटोपून निजलेल्या गावांवर कोसळलेल्या दगडमातीच्या भिंतींपलीकडे या मुलखाला काही चरित्र असेल, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. परंतु या परिसरात द्राक्षांचे मांडव आहेत. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी यांच्या तालावर येथील कित्येक कुटुंबांचे वर्ष चालते, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये आभाळ भरून आले की बागायतदाराच्या पोटात गोळा उठतो. 2014 च्या गारपिटीत हाताशी आलेले पीक मातीमोल होताना मराठवाड्याने पाहिले आहे.

असे संकट आले की 'पडलेल्या मालाची वाइन करा' असा सल्ला देणारे पुढे येतात. हा सल्ला सद्भावनेचा असला, तरी अज्ञानाचा आहे. सडक्या घडाची उत्तम वाइन होत नाही, आणि आपण बाजारात पाठवतो ती थॉमसन किंवा सोनाका ही खाण्याची वाणे. वाइनसाठी शिराझ, काबर्ने सोव्हिन्यों, शेनँ ब्लाँ यांसारखी निराळी वेल लावावी लागते, तिचे उत्पन्न मुद्दाम मर्यादित ठेवावे लागते, आणि तोडलेला माल विनाविलंब गाळपास न्यावा लागतो. तात्पर्य, वाइन हा द्राक्षशेतीचा उकिरडा नसून तिची स्वतंत्र शाखा आहे, आणि त्या शाखेवर लहान शेतकऱ्याला बसण्यापुरती जागा आहे की नाही, हाच खरा प्रश्न होय.

महाराष्ट्र सरकारने 2001 साली द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, अबकारी करात सवलत दिली, आणि नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन पार्कची तजवीज केली. त्या उत्साहात अनेक बागायतदारांनी वाइनची वेल लावली. पुढे 2008 ची जागतिक मंदी आली, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, पर्यटन आणि हॉटेलांतील खप खालावला, टाक्यांत माल तुंबला, आणि ज्यांच्या भरवशावर वेल लावली होती त्यांनीच खरेदी आखडती घेतल्याने नाशिककडच्या शेतकऱ्यांना उभ्या बागा उपटाव्या लागल्या. या पडझडीतूनही निफाडजवळ कुंदेवाडीचा रेव्हेलो किंवा इगतपुरी तालुक्यातील कावनईचा व्हॅलोने यांसारखे मोजक्या उत्पादनाचे कारखाने नाव राखून राहिले. मात्र यॉर्कसारखा घरगुती वळणाचा कारखाना 2021 मध्ये सुला या मोठ्या कंपनीत गेला, हेही त्याच कथेचे एक प्रकरण आहे.

लहान कारखानदार मागे पडतो तो चवीत नव्हे, तर भांडवलात. जानेवारी ते मार्चमध्ये गाळलेल्या द्राक्षाचा पैसा हाती यायला कित्येकदा वर्ष-दीड वर्ष लागते. तोवर टाक्या थंड ठेवण्याचे वीजबिल, परवान्याचे शुल्क आणि प्रत्येक राज्याच्या अबकारी दफ्तराच्या निरनिराळ्या मागण्या थांबत नाहीत. वाइनवरील 20 टक्के मूल्यवर्धित करापैकी 16 टक्के परत करण्याची योजना सरकारने आणली. पण रक्कम आधी भरायची आणि मागाहून मिळवायची, ही पद्धत ज्याच्या तिजोरीत दम आहे त्यालाच परवडते.

येथे एक आक्षेप टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटांत वाइनविक्रीस परवानगी देण्याचा निर्णय झाला, तेव्हा 'वाइन म्हणजे दारू नव्हे' असा युक्तिवाद हिरीरीने करण्यात आला. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि निर्णय बारगळला. वाइन ही दारूच आहे. ज्या राज्यात दारूने पोळलेल्या बाया मतदान करून गावातली बाटली आडवी करतात, तेथे शब्दच्छल करून कोणाचे हित होत नाही. शेतकऱ्याची बाजू मांडायची, तर ती सत्यावर उभी राहूनच मांडली पाहिजे: खप वाढवा असे आमचे म्हणणे नाही, जो खप आहे, त्यातला वाजवी वाटा पिकवणाऱ्याला मिळावा, एवढेच आहे.

म्हणूनच उत्सवांचा विचार करावासा वाटतो. नाशिकला 2008 पासून सुलाफेस्ट भरू लागला. त्याने जिल्ह्याची कीर्ती वाढवली, हे मान्य. पण तेथे नाव कंपनीचे, आकर्षण संगीताचे, आणि छाटणी करणारा मजूर दृष्टीआड. स्वित्झर्लंडमधील व्हवे गावात साधारण एका पिढीत एकदा, शेवटचा 2019 मध्ये, जो द्राक्षोत्सव भरतो, त्याचे मूळ मात्र निराळे आहे. तेथील द्राक्षकारांची संस्था बागांची पाहणी करून उत्तम मशागतीला गुण देते, आणि सन्मान होतो तो दुसऱ्याच्या बागेत राबणाऱ्या कष्टकऱ्यांचा, बागमालकांचा नव्हे. या परंपरेची नोंद युनेस्कोनेही 2016 मध्ये केली.

हे शिकायला व्हवेला जाण्याचे मात्र कारण नाही. मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला लातूर जिल्हा घरांना कुलपे लावून शिवारात लोटतो, कडब्याच्या कोपीत पाच पांडव पूजले जातात, भज्जी-उंड्यांचे जेवण होते, आणि ज्वारीचे पीठ ताकात आंबवून केलेल्या आंबिलीचा पेला वाटेवरच्या अनोळख्यालाही हाक मारून दिला जातो. त्या दिवशी यजमान असतो तो शेतकरी, आणि शहर असते त्याचे पाहुणे.

सरकारने लहान कारखान्यांसाठी कराची व परवान्याची निराळी पायरी आखावी, परतावा मुदतीत द्यावा, आणि वेल लावण्यापूर्वीच खरेदीचा लेखी करार सक्तीचा करावा. एवढे झाल्यावाचून मराठवाड्यातल्या कोणा बागायतदाराने एका भाषणाच्या भरात वाइनची वेल लावू नये. आणि महोत्सव भरवायचेच असतील, तर ते मांडवाखाली भरवावेत, व्यासपीठावर पहिली खुर्ची छाटणीची कात्री धरणाऱ्या हाताला द्यावी, आणि प्यायचे की नाही हे पाहुण्याच्या मर्जीवर सोडावे. कोपीपुढे आंबील देणाऱ्या आमच्या माणसाला यजमानपण शिकवावे लागत नाही. वाइनच्या व्यवहारात त्याला पाहुणाही न समजण्याची रीत तेवढी मोडायला हवी.