डॉर्नियर लष्करी की नागरी?



‘डॉर्नियर म्हणजे लष्करी विमान’ असे ठासून सांगणारे पत्र वाचले. ते अर्धेच खरे आहे. हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कानपूर कारखान्यातले डॉर्नियर-२२८ हवाई दल, नौदल आणि तटरक्षक दल वापरतात. पण तेच विमान एकेकाळी ‘वायुदूत’चे प्रवासी नेई आणि २०२२ मध्ये ‘अलायन्स एअर’च्या सेवेतही दाखल झाले. अंगावर ‘व्हीटी’ने सुरू होणारा क्रमांक असला की नोंद नागरी, हवाई दलाचे तिरंगी वर्तुळ असले की लष्करी. ऑक्टोबर १९४७ मध्ये श्रीनगरला सैन्य उतरवणाऱ्या डाकोटा विमानांत तर खासगी कंपन्यांचीही होती. तेव्हा विमानांच्या यादीत मूळ नमुन्याची नोंद एकच ठेवावी, आवृत्त्या तिच्याखाली वेगळ्या दाखवाव्यात. नुसत्या नावावरून शिक्का मारू नये.

– एक वाचक, धाराशिव