वस्तुविचार : झिजलेल्या लोखंडाची शोभा

मोडीत निघालेल्या शेतीच्या अवजारांपासून दिवे, मेजांचे पाय आणि भित्तिशिल्पे घडवण्याची आवड शहरी घरांत रुजत असली, तरी या प्रकाराला कलेच्या इतिहासात भक्कम पूर्वपीठिका आहे. अमेरिकी शिल्पकार डेव्हिड स्मिथ यांनी १९५१ पासून टाकून दिलेल्या शेतयंत्रांचे भाग जोडून ‘ॲग्रिकोला’ ही शिल्पमालिका घडवली. महाराष्ट्रात तर या लोखंडामागे स्वतंत्र इतिहास उभा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कडबा कापण्याच्या यंत्रापाठोपाठ विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर बाजारात आणला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते, या समजुतीपायी शेतकरी त्याला हात लावायला तयार नव्हते.

म्हणूनच असा भाग सजावटीत वापरताना त्याची झीज जपणे हे घडवणाऱ्याचे पहिले कर्तव्य ठरते. वर्षानुवर्षे माती कापून टोकाशी पातळ झालेला फाळ किंवा बैलगाडीच्या चाकावरची खडीने घासलेली धाव, म्हणजे चाकाला बसवलेली लोखंडी पट्टी, यांवर कामाची नोंद उमटलेली असते. ग्राइंडरने ती सपाट करून वर चकचकीत रंग चढवला, की उरते ते केवळ लोखंड, आणि ते तर कोणत्याही दुकानात नवे मिळते. मीठ आणि व्हिनेगर लावून नव्या पत्र्यावर गंज आणणे आणि तो जुना म्हणून विकणे ही तर उघड फसवणूक आहे.

झीज जपायची म्हणजे गंज तसाच सोडायचा, असे मात्र नाही. साध्या लोखंडावरील गंज सच्छिद्र असून मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापतो, त्यामुळे त्याचे पापुद्रे सुटतात आणि हवा व ओल आतपर्यंत पोहोचत राहते. कोकणच्या दमट हवेत ही क्रिया विशेष वेगाने चालते. सुटा गंज तारेच्या ब्रशने काढून उरलेल्या थरावर टॅनिक आम्लाचे द्रावण लावल्यास त्याचे निळसर काळ्या, तुलनेने स्थिर संयुगात रूपांतर होते. हिरड्यात हेच टॅनिनवर्गीय पदार्थ विपुल असतात आणि लोखंडाशी त्यांच्या संयोगाने येणारा काळा रंग रंगाऱ्यांना पूर्वापार परिचित आहे. द्रावण पूर्ण वाळल्यावर मेणाचा पातळ हात दिला, की पृष्ठभाग सुरक्षित राहतो आणि झिजेच्या खुणाही दिसतात.

जोडकामात धातूची पारख अटळ आहे. बीड, म्हणजे साच्यात ओतलेले अधिक कार्बनयुक्त लोखंड, ठिसूळ असल्याने घाईच्या वेल्डिंगने तडकते. कडबाकुट्टीचे बिडाचे चाक त्यामुळे न कापता, न जोडता, त्याच्या मूळ छिद्रांतून बोल्टने बसवावे. ज्या लोहाराने आयुष्यभर फाळ शेवटले, म्हणजे भट्टीत तापवून त्यांना पुन्हा धार दिली, त्याच्याइतकी ही पारख क्वचितच कोणाजवळ असते. तरीही अशा वस्तूंच्या व्यवहारात भंगार किलोवर विकले जाते, कल्पनेची किंमत घडवणारा घेतो आणि लोहाराच्या वाट्याला फार तर मजुरी येते. त्याचे नाव वस्तूवर कोरले जावे आणि विक्रीत त्याचा हिस्सा आधीच ठरलेला असावा.