पाळणा आणि मतपेटी

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत उमेदवारी अर्जांची छाननी सुरू झाली म्हणजे तहसील कचेरीच्या आवारात गावच्या पाण्याचा, रस्त्याचा किंवा गायरानाचा प्रश्न कोणी काढीत नाही. तेथे वाद रंगतो तो उमेदवाराच्या अपत्यांच्या संख्येवर. प्रतिस्पर्ध्याने जन्मनोंदणीचा उतारा पैदा केलेला असतो, अंगणवाडीच्या नोंदवहीतील पानाची नक्कल मिळविलेली असते, शाळेचा दाखला तर हाताशी असतोच. तिसरे मूल आहे की नाही, असल्यास त्याचा जन्म कोणत्या तारखेचा, यावर वकील भांडतात. अर्ज टिकला आणि उमेदवार निवडून आला, तरी प्रकरण मिटत नाही. पराभूत पक्ष तीच कागदपत्रे घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, तेथून अपील, तेथून उच्च न्यायालय. ज्या मतदारांनी मत दिले त्यांना या सर्व खटाटोपात कोणी विचारीत नाही. त्यांनी निवडलेला सरपंच मध्येच पायउतार होतो आणि त्याचे कारण कारभारातील गैरव्यवहार नसून त्याच्या घरात हललेला पाळणा असतो.

महाराष्ट्रात ही अट ग्रामपंचायतींपासून जिल्हा परिषदा, नगरपालिका आणि महानगरपालिकांपर्यंत लागू आहे. सहकारी संस्थांच्या व्यवस्थापक समित्यांनाही ती लावण्यात आली. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे ज्यांच्या मुलांची संख्या दोनांच्या वर गेली, ते सदस्य होण्यास किंवा राहण्यास अपात्र ठरतात. त्या तारखेपूर्वीच ज्यांना दोनांहून अधिक मुले होती, त्यांना मात्र ती संख्या आणखी वाढली नाही तर कायदा हात लावीत नाही. वरवर पाहता ही सवलत न्याय्य वाटते. परंतु तिचा परिणाम काय होतो? सहा मुलांचा बाप असलेला आणि तीन दशके गावावर हुकमत गाजविणारा म्हातारा पुढारी आजही निर्धास्तपणे उभा राहू शकतो, आणि तिसरे मूल झालेली तिशीतील सून अपात्र ठरते. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ साली पंचायतींना घटनात्मक स्थान दिले आणि निवडणूक लढविण्याचे वय २१ ठेवले, ते तरुणांना कारभारात वाव मिळावा म्हणून. अपत्यांच्या अटीने हा वाव नेमका त्याच वयोगटाकडून काढून घेतला, कारण मुले होण्याचे वयही तेच असते.

त्यातही भार पडतो तो स्त्रीवर. महाराष्ट्राने २०११ साली स्थानिक संस्थांमध्ये स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, याचा अभिमान बाळगणे योग्यच आहे. मात्र ज्या स्त्रीला ही जागा देऊ केली, तिला किती मुले व्हावीत हे ठरविण्याचा अधिकार घरात तिच्याकडे असतो काय, याचा विचार कायदा करताना झाला नाही. २०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयोगटातील सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी लागलेले होते. दोन मुलींनंतर मुलासाठी तिसरे बाळंतपण लादले जाते, ते सासरच्या मंडळींच्या हट्टापायी. संततिनियमनाची शस्त्रक्रियाही तिच्याच वाट्याला येते. याच पाहणीत देशभरातील विवाहित स्त्रियांपैकी जवळजवळ ३८ टक्के स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली आढळली. नवऱ्याने ती करून घेतल्याचे प्रमाण होते ०.३ टक्के. म्हणजे निर्णय इतरांचा, शरीर तिचे, आणि शिक्षाही तिलाच.

निवृत्त सनदी अधिकारी निर्मला बुच यांनी आंध्र प्रदेश, हरियाणा, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या राज्यांत या अटीच्या परिणामांचा अभ्यास केला व २००५ साली तो प्रसिद्ध झाला. पद वाचविण्यासाठी गर्भपात करविणे, मूल दुसऱ्याच्या नावावर लावणे, दत्तक देणे, नवजात अपत्याचे पितृत्वच नाकारणे, बायकोला टाकून देणे, असे प्रकार त्यात आढळून आले. कुटुंब लहान व्हावे म्हणून केलेल्या कायद्याने कुटुंब मोडावे, हा या प्रयोगाचा निष्कर्ष. ओरिसातील एका सरपंचाने तिसरे मूल दत्तक दिले असल्याचे सांगून पद राखण्याचा प्रयत्न केला, तेव्हा २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, मूल दत्तक दिल्याने अपात्रता टळत नाही. कायद्याच्या अक्षरानुसार हा निकाल बरोबर असेल. परंतु आईबापांनी सरपंचपदासाठी पोटचे मूल दुसऱ्याच्या स्वाधीन करावे आणि त्याची वैधता देशाच्या सर्वोच्च न्यायासनाला तपासावी लागावी, ही स्थितीच काय ती सांगून जाते.

या अटीचे समर्थक २००३ सालच्या जावेद विरुद्ध हरियाणा या निकालाकडे बोट दाखवितात. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या खंडपीठाने त्या वेळी हरियाणाची तरतूद वैध ठरविली. निवडणूक लढविण्याचा हक्क हा मूलभूत हक्क नसून कायद्याने दिलेला हक्क आहे, तो देणारा कायदा त्याला अटीही घालू शकतो, असे न्यायालयाचे म्हणणे होते. स्त्रियांच्या असहायतेचा मुद्दाही मांडण्यात आला होता. पण आजची भारतीय स्त्री इच्छेविरुद्ध तिसरे मूल जन्माला घालण्याइतकी असहाय राहिलेली नाही, अशा आशयाचे मत न्यायालयाने व्यक्त केले. ज्यांनी खेड्यातील एखादे घर आतून पाहिले आहे, त्यांना हे मत पटणे कठीण. शिवाय एखादी तरतूद घटनाबाह्य नाही, एवढ्यावरून ती शहाणपणाची ठरत नाही. हे खुद्द हरियाणाच्याच लक्षात आले. ज्या राज्याने सर्वोच्च न्यायालयात हा खटला जिंकला, त्याच राज्याने २००६ साली ती अट रद्द केली. हिमाचल प्रदेश आणि मध्य प्रदेश यांनी त्याआधी एक वर्ष तोच मार्ग धरला होता. महाराष्ट्राने मात्र २००५ साली नेमके उलट केले. लहान कुटुंबाच्या प्रतिज्ञापनाचे नियम काढून ही अट सरकारी नोकरीच्या दारातही उभी केली.

लोकप्रतिनिधीने समाजापुढे उदाहरण घालून द्यावे, हा युक्तिवाद ऐकण्यास गोड आहे. तो प्रामाणिक असता तर त्याची सुरुवात मुंबई-दिल्लीपासून व्हावयास हवी होती. संसद सदस्य आणि आमदार यांना हीच अट लावणारे घटनादुरुस्ती विधेयक डिसेंबर १९९२ मध्ये राज्यसभेत मांडण्यात आले होते. ते कधीही संमत झाले नाही. त्याचा पाठपुरावा करण्याची घाई कोणत्याही पक्षाला झाली नाही. आमदाराला पाच मुले चालतात, गावच्या पंचाला तीन चालत नाहीत! उदाहरण घालून देण्याची जबाबदारी उतरंडीच्या सर्वांत खालच्या मडक्यावर टाकावयाची आणि वरच्यांनी कायदे करीत बसावयाचे, ही रीत आपल्याकडे नवी नाही. एरवी ती इतक्या उघडपणे कायद्याच्या पुस्तकात मात्र लिहिली जात नाही.

आणि या अटीने लोकसंख्या आटोक्यात आली काय? राज्यातील एका स्त्रीमागे होणाऱ्या मुलांची सरासरी १९९२-९३ च्या पाहणीत २.९ होती, २०१९-२१ च्या पाहणीत ती १.७ झाली. हे यश अटीच्या खात्यावर जमा करण्याचा मोह काहींना होतो. पण ज्या केरळात आणि तामिळनाडूत पंचायतीच्या उमेदवाराची मुले कोणी मोजीत नव्हते, तेथेही हे प्रमाण १.८ पर्यंत उतरलेले आहे. मुली शाळेत गेल्या, बाळे जगू लागली, आरोग्यसेवा जवळ आली, शहरांत घर आणि शिक्षण महागले, ही त्यामागची कारणे. गावातील शंभर-सव्वाशे इच्छुकांपुढे अपात्रतेची टांगती तलवार ठेवल्याने कोट्यवधी जोडप्यांचा निर्णय बदलतो, असे मानणारा माणूस फार भाबडा असला पाहिजे किंवा फार धूर्त. दुसरीकडे, सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या महाराष्ट्रात १९९१ साली ९४६ होती. ती २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाली. ही घसरण एकट्या या कायद्याने झाली असे म्हणणे अन्यायाचे होईल. ती आधीच सुरू झालेली होती आणि तिला जबाबदार असलेली यंत्रे शहरांतील दवाखान्यांत होती. तरी ज्या समाजात मुलगा हवाच असतो, तेथे मुलांची संख्या दोनवर बांधून टाकली की काटछाट कोणाची होणार, हे सांगण्यास ज्योतिषी लागत नाही.

महाराष्ट्राला या विषयाचा दुसराही वारसा आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले, त्यापायी नोकरी गमावली, खटले आणि निंदा सोसली. १९३८ साली मुंबई विधिमंडळात डॉ. आंबेडकरांच्या पक्षातर्फे रोहम यांनी संततिनियमनाच्या प्रसारासाठी ठराव मांडला आणि तो फेटाळला गेला. ही माणसे सरकारकडे सक्तीचा दंडुका मागत नव्हती. साधने द्या, माहिती द्या, निर्णय स्त्रीला घेऊ द्या, एवढेच त्यांचे मागणे होते. तेव्हाच्या सभ्य समाजाला ते असभ्य वाटले. चार दशकांनी त्याच राज्याच्या विधिमंडळाने, आणीबाणीत, १९७६ साली तीन मुलांनंतर शस्त्रक्रिया सक्तीची करणारे विधेयक संमत केले. असे विधेयक संमत करणारे हे देशातील पहिले राज्य. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायद्यात उतरले नाही, हे महाराष्ट्राचे भाग्य. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि शहा आयोगाने त्यांच्याशी निगडित १,७७४ मृत्यूंची नोंद केली. मार्च १९७७ मध्ये मतदाराला बोलण्याची संधी मिळाली तेव्हा उत्तर प्रदेशातील ८५ पैकी एकही जागा काँग्रेसच्या हाती लागली नाही. मतपेटीने पाळण्याचा हिशेब चुकता केला, तो असा.

त्यानंतर कोणत्याही सरकारला उघड सक्तीचे धाडस झाले नाही. केंद्राने तर डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र देऊन कुटुंबनियोजनात सक्तीला आपला विरोध असल्याचे सांगितले. निवडणुकीची अट ही त्या सक्तीची पडद्याआडून आलेली धाकटी बहीण होय.

आता वारे फिरले आहे, पण फिरलेले वारेही निरखून पाहावे लागते. आंध्र प्रदेशाने १९९४ पासूनची ही अट नोव्हेंबर २०२४ मध्ये काढून टाकली. निर्णय योग्य होता. कारण मात्र काळजी वाटावी असे होते. मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू यांना लोकसंख्या म्हातारी होत चालल्याची चिंता आहे आणि जोडप्यांनी अधिक मुलांना जन्म द्यावा, असे ते सांगू लागले आहेत. तामिळनाडूचे मुख्यमंत्रिपद त्या वेळी सांभाळणाऱ्या स्टालिन यांनीही २०२४ साली एका विवाह समारंभात सोळा मुलांचा विषय काढला. तो विनोद असला तरी त्यामागची भीती विनोदी नव्हती. लोकसभेतील राज्यांच्या जागा १९७६ साली १९७१ च्या जनगणनेवर गोठविल्या गेल्या आणि २००१ सालच्या दुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबविली. मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून जनगणना होणार असल्याचे केंद्राने २०२५ साली जाहीर केल्यापासून ज्या राज्यांनी कुटुंबे लहान ठेवली ती धास्तावली आहेत. आपल्या जागांचा वाटा घटणार ही त्यांची तक्रार खरी आहे आणि तिचे उत्तर संसदेत, राज्या-राज्यांतील वाटाघाटींनी शोधावयास हवे. ते प्रसूतिगृहात शोधण्याचा प्रयत्न झाला, तर काल तिसऱ्या मुलासाठी दंड झालेल्या स्त्रीला उद्या तिसऱ्या मुलासाठी बक्षीस मिळेल. तिला विचारण्याचे मात्र दोन्ही वेळा राहून जाईल.

महाराष्ट्राला ही अट काढण्यासाठी घटनादुरुस्तीची गरज नाही. पंचायतींची अपात्रता ठरविण्याचा अधिकार घटनेच्या २४३-फ या अनुच्छेदानेच राज्याच्या विधिमंडळाला दिलेला आहे. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपालिका आणि महानगरपालिका यांच्या कायद्यांतील एकेक तरतूद गाळणारे विधेयक एका बैठकीत संमत होऊ शकते. त्यात जिल्हाधिकाऱ्यांपुढे पडून असलेल्या अपात्रतेच्या तक्रारींचे आणि अपिलांचे काय करावयाचे, हेही स्पष्ट लिहिले गेले पाहिजे. अन्यथा तरतूद जाईल आणि तिच्या आधारे भरलेले दावे पुढची पाच वर्षे चालूच राहतील.