उद्योजकाचे स्मारक त्याच्या कामाचे असावे

बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरातच कॅमेरा घडवला आणि त्यावर चित्रित केलेला ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पडद्यावर आला. खरी कॉर्नरला त्यांची आठवण म्हणून शहराने उभारला तो कॅमेरा स्तंभ. ज्या वस्तूत माणसाचे मोठेपण उतरले, तिलाच चौकात मान मिळाला. उद्योजकांची स्मारके करतानाही हाच पायंडा पाळायला हवा. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार या उद्योजकांची नावे कोल्हापूरच्या उद्यमनगर या औद्योगिक वसाहतीत आदराने घेतली जातात. पण अर्धपुतळा आणि खाली जन्म-मृत्यूची पाटी एवढ्यावरून त्यांनी शहरासाठी काय केले, हे शाळकरी पोराला उमगणार नाही.

सांगण्यासारखे तर पुष्कळ आहे. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा शाहू महाराजांनी जुन्या तोफा लक्ष्मणराव किर्लोस्करांना दिल्या आणि त्या वितळवून नांगर झाले. पुढे कोल्हापूरच्या कारागिरांनी ऑइल इंजिने बनवली, विहिरींचे पाणी शिवारात खेळले. फौंड्रीत वाळूचा साचा ठोकून बसवायचा, आतल्या पोकळीसाठी कोअर ठेवायचा आणि धग सोसत लोखंडाचा रस एकसंध धारेने ओतायचा. धार मध्येच तुटली तर कास्टिंग बाद होते. शिल्पात रस ओतण्याचा हा क्षण पकडावा, शेजारी त्या उद्योजकाच्या कारखान्यातले खरे इंजिन ठेवावे आणि साचे करणाऱ्या मोल्डरांची नावेही कोरावीत. ज्याने शेकडो हातांना कसब आणि काम दिले, त्याचे दातृत्व त्या हातांशिवाय दाखवताच येत नाही.

लोक चेहऱ्यापुढे हात जोडतात, यंत्राला हार कोण घालणार, असे कुणी म्हणेल. पण खंडेनवमीला कारखान्या-कारखान्यांत हार यंत्रांनाच चढतात. चेहरा हवाच असेल तर चौथऱ्यावर उठावात कोरता येईल. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: स्मारकाचा पैसा मुलांच्या शिक्षणाला का देऊ नये? जरूर द्यावा, आणि त्यासाठी शिल्प सोडण्याचेही कारण नाही. त्याचे ओतकाम इथल्याच फौंड्रीत, आयटीआयच्या मुलांना हाताशी घेऊन व्हावे. म्हणजे स्मारकाच्या खर्चातूनच नवे कारागीर शिकतील. महापालिका आणि उद्योजक संघटनांनी यापुढे पुतळ्याचा ठराव करताना ही अट आधी घालावी. माणसे कामाला लावणाऱ्यांचा खरा सन्मान त्यातच आहे.