घरचा संगणक : हरवलेली फाइल खालच्या पट्टीवर

गेल्या आठवड्यात खालांचा फोन आला. "बेटा, शिलाईचा सगळा हिशोब गेला! सकाळीच उघडला होता, आता कुठेच दिसत नाही. उद्या बायकांना पैसे द्यायचेत."

मी म्हटलं, "खाला, घाबरू नका. स्क्रीनच्या खालच्या पट्टीवर एक्सेलचं हिरवं चिन्ह आहे ना? त्यावर माउसचं उजवं बटण दाबा." छोटी यादी उघडली आणि दुसऱ्याच ओळीत हिशोब सापडला. फाइल गेली नव्हती, चुकून डाउनलोड्समध्ये सेव्ह झाली होती.

या यादीला जम्प लिस्ट म्हणतात. २००९ साली विंडोज ७ सोबत ती आली. यादीत 'रीसेंट' म्हणजे नुकत्याच उघडलेल्या फाइली आणि 'फ्रीक्वेंट' म्हणजे वारंवार उघडल्या जाणाऱ्या. वर्ड, एक्सेलमध्ये सहसा रीसेंट दिसते, तर विंडोज ७ आणि १० मध्ये फोल्डरच्या पिवळ्या चिन्हावर फ्रीक्वेंट.

रीसेंटमधली नावं मात्र टिकत नाहीत. नवी फाइल उघडली की जुनी खाली सरकते आणि शेवटी यादीबाहेर जाते. म्हणून रोजच्या फाइलीच्या नावाजवळ माउस नेऊन टाचणीच्या चिन्हावर क्लिक करा. ती वर कायम राहते. लक्षात ठेवा, ही फाइलची दुसरी प्रत नव्हे, फक्त तिच्याकडे जायची वाट आहे. मूळ फाइल डिलीट केली, तर टाचणी ती वाचवत नाही. खालांना म्हणूनच सांगितलं, महिन्यातून एकदा हिशोब पेन ड्राइव्हवरही घ्या.

घरात कुणी प्रोग्रॅमिंग शिकत असेल, तर त्याच्यासाठी एक गोष्ट. आपल्या प्रोग्रॅमला ही यादी जोडता येते. डब्ल्यूपीएफमध्ये जम्प लिस्टची रीसेंट किंवा फ्रीक्वेंट कॅटेगरी चालू करायची. पण आपला प्रोग्रॅम त्या प्रकारच्या फाइली उघडतो, अशी नोंद विंडोजमध्ये आधी हवी. नोंद नसेल तर कोड बरोबर असूनही यादी रिकामीच राहते. पुष्कळ मुलं इथेच अडतात.

आता सावधगिरी. स्कॉलरशिपचा फॉर्म भरायला आपण बाहेरच्या संगणकावर बसतो. आधार, उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुक उघडतो आणि उठून येतो. पुढच्या माणसाला ती नावं यादीत दिसतात, फाइल तिथेच असेल तर एका क्लिकवर उघडतेही. त्यामुळे उठण्याआधी फाइल डिलीट करा, रिसायकल बिन रिकामी करा, मग यादीतल्या नावावर उजवं बटण दाबून 'रिमूव्ह फ्रॉम धिस लिस्ट' निवडा. नुसतं नाव काढलं तर फाइल तिथेच राहते, हे विसरू नका.

खालांच्या हिशोबाला आता टाचणी लागली आहे. बायकांचे पैसेही वेळेवर पोहोचले. तुमच्या घरातली रोज शोधावी लागणारी फाइल कोणती? आजच तिला टाचणी लावा.